तंजावरचा पुडा

“ज्यांचा कळस बघून झालाय त्यांनी नंदी बघावा, ज्यांचा नंदी बघून झालाय त्यांनी आपापल्या चपला शोधाव्यात!” टूरचे इनामदार हातातली पिवळी पिशवी झेंड्यासारखी नाचवत ओरडत होते. तंजावरच्या मोठ्या देवळातली फरशी इतकी तापली होती की आमच्या सांगली-मिरजेच्या बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत देवदर्शन करत होत्या. मी मात्र इनामदारांच्या मागे लागले होते. मला संध्याकाळपर्यंत सुट्टी हवी होती.

“एकट्या कुठं जाणार? भाषा येते का इथली?”

“कॉफी प्यायला जायचंय. त्याला भाषा कशाला?”

“कॉफी लॉजवर मिळते की.”

“मला एका ठरावीक दुकानातली हवीय.”

इनामदारांनी आधी कळसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हजार वर्षांचं देऊळ सोडून कॉफीच्या मागे जाणारी बाई आज पहिल्यांदा बघतोय. जा. पण उद्या पहाटे रामेश्वर. बस कुणासाठी थांबायची नाही, आधीच सांगतो.”

मी कॉफीच्या मागे आलेच नव्हते. मी माझ्या भावाच्या मागे आले होते.

आदल्या वर्षी हीच टूर करून आलेल्या आमच्या शेजारच्या अक्काताई चौगुले प्रसाद घेऊन आल्या होत्या. आईच्या कॉटवर बसून रामेश्वरची वाळू सांगून झाली, कन्याकुमारीचा सूर्य सांगून झाला आणि मग एकाएकी गप्प झाल्या. अक्काताई आणि गप्प, म्हणजे काहीतरी मोठंच असणार.

“वैनी, बोलू का नको कळंना,” त्या म्हणाल्या. “तंजावरात राजवाड्याच्या मागं एका दुकानात कॉफी प्यालो. मी आपलं आमच्या ह्यास्नी म्हटलं, कॉफी झकास हाय, पर ही माणसं जायफळ घालत न्हाईत वाटतं. तर ओतणाऱ्यानं मान वर करून बघितलं. वैनी, तुमचं मालकच उभं हुतं बघा! त्येच कपाळ, त्येच कान. आनि डाव्या हातानं ओतत हुता.”

माझा दादा डावखुरा. दिनकर त्याचं नाव. आमचे बाबा ट्रकच्या अपघातात गेले, त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं, मी चौथीत होते. त्यानंतर मी शिकले, मास्तरीण झाले, माझं लग्न होऊन मोडलं आणि मी परत आईकडे आले. दादाचं एक अक्षर आलं नाही.

अक्काताई गेल्यावर आईनं मला जवळ बसवलं. तिचं हृदय सुजलं होतं. उशीला टेकून बसल्याबसल्याच ती रात्र काढायची.

“तूच जा,” ती म्हणाली. “त्योच असंल तर घिऊन ये. न्हाईच आला तर मी सांगती तेवढं त्याच्या कानावर घाल. मग मी मोकळी.”

तिनं जे सांगितलं ते तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मगच माझा हात सोडला. पोरांचं पाठांतर घेण्यात माझा जन्म चाललेला, त्या दिवशी माझंच पाठांतर घेतलं गेलं.

देवळातून बाहेर पडताना आवाराच्या भिंतीवर ओळखीची अक्षरं दिसली. भोसले घराण्याची सगळी हकीकत तिथं मराठीत कोरून ठेवली आहे. ओळीखाली ओळ, दगडावर दगड. लोक तिला टेकून सावलीत डबे खात होते. मी सवयीनं दोन ओळी मोठ्यानं वाचल्या.

“वाचा, वाचा अम्मा. थांबूं नका. हें कोणी वाचतच नाहीं.”

मागे एक म्हातारे गृहस्थ छत्री धरून उभे होते. पांढरं धोतर, कपाळावर गंध. सुंदरराव त्यांचं नाव. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर इकडे आलेले. “आलों ते परत गेलोंच नाहीं,” ते हसत म्हणाले. त्यांची मराठी आजीच्या पेटीतल्या नाण्यांसारखी होती, खणखणीत, पण आपल्या बाजारात न चालणारी. मला इतका धीर आला की मी त्यांना दुकानाच्या खाणाखुणा सांगून टाकल्या.

“मणीचें दुकान! मी नित्य तेथेंच काफी घेतों. चला, दाखवितों.”

वाटेत त्यांनी मला राजवाड्याचा उंच मनोरा दाखवला, सरस्वती महालाचा दरवाजा दाखवला, आत किती हजार पोथ्या आहेत ते सांगितलं. मी हो हो म्हणत होते. खरं तर मला काही दिसत नव्हतं. मनात एकच घोकणं चालू होतं, तोच असू दे. आणि लगेच दुसरं, तोच असला तर काय बोलू?

दुकान लहानसं होतं. दर्शनी भागात कॉफीचे दाणे भाजायचा पिंप, त्याच्या शेजारी दळायचं यंत्र. यंत्रापाशी एक सावळी बाई कडेवर मुलगी घेऊन पुडे बांधत होती. आत चार बाकं. आणि मधल्या ओट्यावर पितळेच्या फिल्टरांच्या रांगेमागे तो माणूस उभा होता. लुंगी, बनियन, खांद्यावर पंचा. डावा हात डोक्याच्या वर, उजवा कमरेखाली, आणि मधे पेल्यातून डावऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, पडणारी कॉफीची लांब तांबूस धार.

सुंदररावांनी तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. त्यातलं ‘महाराष्ट्रा’ एवढं मला कळलं. धार तुटली नाही.

“इकडे पेल्याला ओठ लावावयाचा नाहीं बरें,” सुंदरराव मला समजावत होते. “वरून ओतून प्यावयाची. आणि डावरा हा निवविण्यास. त्यांतून कोणी पीत नाहीं.”

आम्हाला कॉफी देऊन झाल्यावर त्या माणसानं स्वतःसाठी थोडी ओतून घेतली. फिल्टरांच्या आडोशाला वळला, डावरा दोन्ही हातांनी तोंडाशी नेला, फुंकर मारली आणि बशीतून प्यावं तसा भुरका मारला. आमच्या घरात बाबा तसेच प्यायचे. दादाही त्यांचं बघून तसाच प्यायचा. कपाळ आणि कान मी नंतर पाहिले.

तो परत माझ्यासमोर आला. “सक्करै?” त्यानं विचारलं.

“साखर आणखी हवी का, म्हणतो,” सुंदरराव म्हणाले.

“दादा,” मी म्हटलं.

त्यानं साखरेचा डबा पुढे सरकवला.

“दादा, मी शालन.”

“पुरियलै, अम्मा.”

“कळत नाहीं म्हणतो.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाईकाकडे पाहतात तसं. मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. इतक्या वर्षांत मी आईची औषधं केली, तिच्या रात्री जागवल्या, दाराची कडी वाजली की उठून बसायची तिची सवय सोसली, आणि हा पठ्ठ्या इथे मला साखर विचारतोय!

“बरं. नाही कळत तर नाही कळत,” मी म्हटलं. “मघाशी देवळात भिंतीवरचं वाचलं, आता भिंतीला वाचून दाखवते. आईनं जेवढं सांगितलंय तेवढं बोलते आणि जाते.”

तो पेले विसळायला लागला. आणि मी बोलले. बाकावरच्या माणसांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, ती आपली कॉफी पीत होती.

बाबा गुळाचा ट्रक घेऊन बंगळूरला जायचे. तिकडूनच त्यांनी कॉफीचं वेड आणलं होतं. निघायच्या आधी दादाच्या हातची कॉफी प्यायल्याशिवाय त्यांचा ट्रक हलायचा नाही. रात्रभर जागायचं म्हणून कॉफी. दादा ती चांगली करायचा, फक्त जायफळ सढळ हातानं किसायचा. आई ओरडायची, बाबा हसायचे. त्या दिवशीही तसंच झालं आणि बाबा गेले ते हुबळीच्या अलीकडे ट्रक उलटून. त्यांना घरी आणलं तेव्हा अंगणभर माणसं होती. आई त्या सगळ्यांदेखत दादाला म्हणाली, “जागं ऱ्हायाला कॉफी मागितली त्यांनी, आनि तू जायफळ घातलंस. तू झोपवलंस त्यास्नी.”

तेरा दिवस दादा सगळं करत होता, पिंडदानाला बसला, आल्यागेल्याला पाणी दिलं, आणि मग गेला.

“बाबांच्या गाडीवरचा क्लीनर आठवतो? पांडू,” मी म्हणत होते. “तो बेशुद्ध होता. तू गेल्यावर त्याला शुद्ध आली. तो काय म्हणाला, ऐक. पुढचं टायर फुटलं, दादा. बाबा जागे होते. गाणं म्हणत होते. टायर फुटल्यावर पांडूला ‘घट्ट धर’ म्हणाले. झोपलेला माणूस असं म्हणतो का? जायफळात काही नव्हतं. तुझ्यात काही नव्हतं. आई म्हणते, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. म्हणते, माझं चुकलं, तू ये. आणि येणार नसलास तर निदान एवढं ऐकून घे.”

तो एकच पेला विसळत होता. पाणी वाहत होतं आणि पेला कधीचा स्वच्छ झाला होता. यंत्रापाशी उभ्या बाईनं तमिळमध्ये त्याला काहीतरी विचारलं. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. ती माझ्याकडे बघायला लागली आणि तिनं कडेवरची मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली, माझ्यापासून लांबच्या.

मी त्याचा ओला हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला. हिसका मारून नाही, अगदी हळू सोडवून घेतला.

“इन्नोरु काफी?” तो म्हणाला.

सुंदररावांनी या वेळी भाषांतर केलं नाही. मलाच कळलं, आणखी एक कॉफी.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मग मात्र पदर तोंडात घालून रडले. सुंदरराव माझ्यावर छत्री धरून उभे राहिले. पुष्कळ वेळानं म्हणाले, “अम्मा, त्याला मराठी कळते.”

“कशावरून?”

“एके दिवशीं मी तेथें बसून आपल्याशींच पुटपुटत होतों, गुडघा दुखतो, हा बाक फार ठेंगणा. दुसऱ्या दिवशीं माझ्या जागीं उंच स्टूल ठेविलेलें. तें आजही आहे.”

“मग तुम्ही त्याला कधी विचारलं नाही?”

“जो मनुष्य लपून बसला, त्याचें दार कोण ठोकतें? मी काफी पितों, येतों.”

“आज सांगा त्याला. तुमचं ऐकेल.”

“सांगेन. पण ऐकणें माझ्या हातीं नाहीं, अम्मा. तुमच्याही नाहीं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे लॉजसमोर बस घरघरत होती. बायका जागांवरून भांडत होत्या. मी इनामदारांना म्हटलं, फक्त दहा मिनिटं द्या, धावत जाऊन येते. ते म्हणाले, “शालनताई, एकीला दिली की चाळीस जणींना द्यावी लागतात.” तेवढ्यात कोपऱ्यावरून छत्री येताना दिसली. सुंदरराव धापा टाकत होते. त्यांच्या हातात तमिळ वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा होता, केळीच्या सोपटानं आवळून बांधलेला.

“मणीनें दिला. तुमच्या आईस.”

“काही बोलला?”

“नाहीं. मी बोललों. तो दाणे भाजत होता, भाजतच राहिला.”

बस निघाली. राजवाड्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी खिडकीतून मान बाहेर काढली. दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या.

रामेश्वर झालं, कन्याकुमारी झाली. सूर्य समुद्रात बुडला तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनात एकच विचार होता, घरी जाऊन काय सांगायचं? तुझा मुलगा जिवंत आहे, त्याला बायको आहे, लेक आहे, आणि त्यानं मला ओळख दिली नाही, असं? त्यापेक्षा सापडलाच नाही, हे बरं.

आई उंबऱ्याकडे तोंड करून बसली होती.

“तो नव्हता, आई,” मी पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाले. “अक्काताईंना भास झाला. तिकडचाच कुणी मणी म्हणून आहे.”

“मग मी सांगितलेलं?”

“तोच नव्हता, तर कुणाला सांगू?”

“बरं,” ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी ती जेवली नाही. मास्तरणीला पोरांची समजूत घालता येते, आईची कशी घालायची ते मला येत नव्हतं. काहीतरी गरम पोटात जावं म्हणून मी पुडा सोडला. पूड ताजी होती, काळीभोर. सोडतानाच कसलासा दरवळ आला, पण माझं लक्ष नव्हतं. आधणात दोन चमचे टाकले, झाकण ठेवलं, दूध घातलं. आणि मग तो वास स्वयंपाकघरभर झाला.

आमच्या घरात जायफळ नव्हतं. बाबा गेल्यापासून आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. श्रीखंडसुद्धा आमच्याकडे वेलदोड्याचंच व्हायचं. मी पुड्यातली पूड तळहातावर घेऊन खिडकीशी गेले. काळ्या पुडीत बारीक किसलेलं जायफळ मिसळलेलं होतं. थोडंथोडकं नाही. सढळ हातानं.

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता आणि मला साखर विचारली होती. ती कॉफी मोरीत ओतून द्यावी असंही एकदा वाटून गेलं. मग कपबशी घेतली आणि बाहेर गेले.

आईनं कप हातात घेतला आणि ती थांबली. बराच वेळ नुसती वाफ घेत राहिली. मग बशीत ओतली, दोन्ही हातांनी बशी तोंडाशी नेली आणि एक घोट घेतला.

“शालन,” ती म्हणाली.

“काय?”

“जायफळ जास्त झालंय.”

तिनं दुसरी बशी ओतली, तिसरी ओतली. तिनं एक थेंब सांडू दिला नाही.

“कायम जास्तच घालतोय,” ती म्हणाली. “ल्हानपणापास्नं. बरा हाय न्हवं त्यो?”

“बरा आहे. लेक आहे त्याला एक.”

“त्याला म्हणावं, चिमूटभर पुरतं.”

“सांगते,” मी म्हटलं.

ती उशीवर कलली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. तेव्हापासून रोज दुपारी ती त्या पुड्यातली कॉफी मागायची. मी पूड पुरवून पुरवून वापरायची. महिन्या-दीड महिन्यानं पुढची टूर गेली तेव्हा इनामदारांना मी हातापाया पडून त्या गल्लीत पाठवलं. ते परत येऊन म्हणाले, तिथं आता सायकलचं दुकान आहे. कॉफीवाला तुम्ही येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत बायको-मुलीला घेऊन कुठेतरी गेला, एका म्हाताऱ्यानं सांगितलं, कुठे ते त्यालाही ठाऊक नाही. का गेला, ते मला आजही कळलेलं नाही. ऐकलं होतं ना त्यानं? मग?

ही बातमी आईच्या कानावर जाणार नाही एवढं मी पाहिलं. पुड्याच्या तळाशी चमचाभर पूड उरली होती. आईचा आवाज बारीक झाला होता, तरी बशी खाली ठेवली की ती विचारायचीच.

“सांगितलंस का त्याला?”

“सांगितलं.”

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, पुढच्या वेळी कमी घालतो.”